माझ्या पोटातला भात आणि मनीवनची हुडहुडी

मित्रांनो, मी एक जुनं गरम कपाट आहे. लाओसच्या थंड डोंगरातल्या छोट्या इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीत, एकोणीस वर्षं उभं आहे. सलाइनच्या बाटल्या आणि ब्लँकेटं मी पोटात उबदार ठेवतं. पाठीत भुलीची सुई टोचली की अंगातली ऊब निसटते आणि माणसाला हुडहुडी भरते. ती भरू नये म्हणून तर माझा जन्म. सुरुवातीला माझी ऐट काय वर्णावी, रोज दोनदा मला पुसायचे.

मग कुणाला तरी शोध लागला की माझ्यात चिकट भाताची टोपली छान गरम राहते. झालं. रोज एकेक टोपली आत आली आणि बाटल्या खिडकीत जाऊन बसल्या. मला लाज वाटायची, पण कपाटाचं ऐकतो कोण?

एका धुकट सकाळी मनीवन आली. दुसरं बाळंतपण, तेही ऑपरेशन करूनच. अंगात रक्त कमी. पहिल्या वेळी ती इतकी कुडकुडली होती की रक्तदाबाचं यंत्र आकडाच दाखवेना, आणि बाळ तिच्या हातात द्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

"ताई, या वेळी पण तसंच होणार का?" तिने विचारलं.

भूल देणाऱ्या फेतसमोनताईंनी माझं दार उघडलं. आत पाच टोपल्या. बाटली एकही नाही.

"हे कपाट आहे की खानावळ?"

"मागची माझी आहे, जरा सांभाळून," डॉक्टर इनपोन हात धुता धुता म्हणाले. मग ताईंचा चेहरा पाहून पुन्हा नळाकडे वळले.

खिडकीतल्या बाटल्या गारढोण. त्या तापायला दोन-तीन तास लागले असते, आणि मनीवनच्या कळा सुरू झालेल्या. टोपल्यांखाली दबलेली दोन ब्लँकेटं तेवढी उबदार होती. ताईंनी टोपल्या बाहेर काढल्या आणि एक ब्लँकेट मनीवनच्या खांद्यांभोवती लपेटलं.

"पंधरा मिनिटं अंगात ऊब भरू दे. त्याआधी सुई नाही."

"अहो, कळा वाढताहेत," डॉक्टर म्हणाले.

"बाळाचे ठोके मी मोजतेय. तुम्ही भाताची शितं मोजा."

एक ब्लँकेट तिच्या अंगावर, दुसरं माझ्या पोटात. पहिलं निवलं की अदलाबदल. मी जिवाच्या आकांताने तापत होतं. माझी जुनी तार करकरली तेव्हा वाटलं, आता जळते की काय.

शेवटी सुई टोचली. मुलगी झाली, खणखणीत रडली. तेवढ्यात मनीवनची हनुवटी थरथरली. सगळे जागच्या जागी थबकले. यंत्र आकडा शोधत गुरगुरत राहिलं.

"थंडी वाजतेय का गं?" ताईंनी हळूच विचारलं.

"नाही ताई. रडतेय मी."

यंत्राने आकडा दाखवला. ताईंनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं. हात जरासुद्धा हलले नाहीत.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाची जागा आपल्या सोयीसाठी अडवू नका. ती रिकामी दिसत असेल, पण तिथे कुणासाठी तरी ऊब राखलेली असते.