रस्त्यासाठी उंडी

कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात रस्त्याकडेला झाडं लावायचं काम हितेंद्रला मिळालं. झाड बारमाही हिरवं, सावलीचं आणि खाऱ्या वाऱ्याला टिकणारं हवं होतं. भराभर वाढतं म्हणून त्याने परदेशी कोनोकार्पस ठरवलं. खानदेशात, भडगावच्या घरात, त्याची बायको डिंपल नको म्हणाली; त्याची मुळं जमिनीखालचे नळ फोडतात. उद्यानविद्येची पदवी तिची होती, पण लग्नानंतर ती कपाटात गेली. सासू सुगंधाबाई अंथरुणाला खिळल्यापासून तर डिंपलचं बाहेर जाणं पिठाच्या गिरणीपुरतं उरलं होतं.

तिने मागच्या अंगणात रोपांच्या कुंड्या मांडल्या. रोज मिठाचं पाणी मुळाशी घालायचं, पानांवर शिंपडायचं. सप्तपर्णी महिन्यात करपली, बकुळ खुरटली. करंजाने तग धरला, पण तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो. समुद्रकाठी वाढणाऱ्या उंडीची जाड पानं मात्र चकाकत राहिली. हळू वाढेल, पण लावायची तर हीच, असं तिने चार पानांत लिहून दिलं. खाली सही हितेंद्रने केली.

उंडी मंजूर झाली. लागवडीच्या दिवशी हितेंद्रने खड्डे दाखवायला व्हिडिओ कॉल लावला. रोपांची खोडं वीतभर मातीत गाडलेली पाहून डिंपलला राहवलं नाही. वर घ्या, कुजतील, असं ती जोरात म्हणाली. तिथल्या नगरपरिषदेच्या अधिकारी बाईंनी कोण बोलतंय ते विचारलं. हितेंद्रने कॅमेरा पुन्हा खड्ड्याकडे वळवला.

"उंडी मी निवडली," डिंपल म्हणाली.

आठवड्याने बाईंनी थेट तिलाच फोन केला. दुसऱ्या रस्त्याचं काम होतं, आठ दिवस राहायला बोलावलं होतं. हितेंद्र नाही म्हणाला नाही, आईला विचार म्हणाला.

सुगंधाबाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "तू गयी ते मन्हं कोन करी?"

आवाजात राग असता तर डिंपल भांडली असती. तिथे नुसती भीती होती. तिने त्यांची कूस बदलली, पाठीला तेल लावलं आणि बाहेर येऊन फोन लावला.

"मला येता येणार नाही. तिथली माती पाठवा, मी इथून सांगते. पण कागदावर नाव माझं घाला."

बाई बरं म्हणाल्या.

मातीचं पोतं आलं. डिंपलने ते अंगणात ओतलं. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या रेताड मातीतला शिंपल्यांचा चुरा ती बोटांनी चाळत बसली. आतून हाक आली, तशी हात झटकून उठली.