खारी चढतात तिथे

अंगणातला कडुनिंब तोडून सहा दिवस झाले होते, आणि खारी सकाळी नेहमीच्या वेळेला त्याच्यावर चढल्या.

झाड नव्हतं. फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरून गेल्या होत्या, बुंधा करवतून गेला होता, मुळांच्या जागी मुरूम टाकून ठोकून बसवला होता. दोन खारी त्या मुरमावरून धावत आल्या आणि तशाच हवेत वर गेल्या. एक पुढे, एक मागे, गोल फेर घेत. माणसाच्या डोक्यावर दीड हात उंचीला पहिली थांबली, तिनं शेपूट झटकलं, मागचीला चिक्‌चिक् करून काहीतरी सुनावलं आणि उजवीकडे वळून आडवी पळाली.

गुणवंतराव शेंडे दाराशी दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं. खारी वरच होत्या.

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांची सकाळ खारी पाहण्यात जायची. आजही त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. एक खार खाली डोकं वर पाय अशी लोंबली, तेव्हा त्या हसल्या. नवऱ्याकडे मात्र त्यांनी मान वळवली नाही.

गुणवंतराव विजेच्या खात्यात लाइनमन होते. चौतीस वर्षं ते वर्धेच्या आसपासच्या खांबांवर चढले. झाड म्हणजे तारेला लागणारी वस्तू, एवढीच त्यांची झाडाशी ओळख. अनसूयाबाई चार दिवस हिंगणघाटला बहिणीकडे गेल्या, तेवढ्यात त्यांनी वाघाडे ठेकेदाराला बोलावून कडुनिंब पाडला. अनसूयाबाई परत आल्या, हातातली पिशवी खाली ठेवली, रिकाम्या आभाळाकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि त्या घटकेपासून त्यांनी अबोला धरला. भांडल्या असत्या तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं. त्या वेळेवर वाढायच्या, ताट पुढे सरकवायच्या, पण तोंडातून शब्द नाही.

दुपारपर्यंत बाकीची मंडळी आली. साळुंक्या आल्या, सातभाई पक्ष्यांचा थवा आला आणि आल्या आल्या भांडायला लागला. तांबट पक्ष्यानं हवेत ठोकायला सुरुवात केली, तसा मुरमावर बारीक भुसा पडू लागला. शेजारचे निखाडे मास्तर कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"शेंडेजी, झाड तोडलं ना तुमी?"

"हाव."

"मंग हे सारे कशावर बसून राहिले?"

"झाडावर."

मास्तरांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी गुणवंतराव फाटकाकडे निघाले आणि त्यांचं कपाळ कशावर तरी आपटलं. समोर काही नव्हतं. हात पुढे केला, तर खडबडीत साल हाताला लागली. ते बाजूनं वळले, तर दुसरी फांदी कानशिलात बसली. आठवड्याभरात झाड ओसरीत आलं, मग बैठकीत, मग स्वयंपाकघरात. शेगडीच्या वर एक बुलबुल बसू लागला. गुणवंतरावांच्या कपाळावर चार टेंगळं आली, पाण्याचा माठ फुटला.

अनसूयाबाईंना मात्र काहीच लागत नव्हतं. धुण्याची बादली घेऊन त्या सरळ चालत जायच्या, मधेच वाकायच्या, एके ठिकाणी पदर सावरून तिरक्या व्हायच्या, की निघाल्या पुढे. झाडाची एकेक फांदी त्यांना पाठ होती. गुणवंतराव त्याच झाडाखाली तीस वर्षं राहिले होते, पण एकही फांदी कुठे होती ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मग दुसरा इलाज नव्हता. एका सकाळी ते पायरीवर बसले, अनसूयाबाईंपासून जरा अंतर ठेवून, आणि खारी पाहायला लागले. खार जिथून पळेल तिथे फांदी, जिथून उडी मारेल तिथे फांदीचा शेवट, एवढा साधा हिशोब होता. पहिल्या दिवशी त्यांना दोन फांद्या कळल्या, दुसऱ्या दिवशी पाच.

पण खार नुसती रस्ता दाखवत नाही. एकीनं कुणाच्या तरी गादीतला कापसाचा गोळा पळवून आणला होता, आणि तो एवढा मोठा होता की तिला पुढचं दिसत नव्हतं. तरी ती धावतच होती. एक म्हातारी खार ऊन चढलं की पोट टेकून, चारही पाय फाकवून हवेत आडवी पडायची, जसा काही कुणी टॉवेल वाळत घातला आहे. तिच्या शेपटीचं टोक वाकडं होतं. चारच्या सुमाराला मुंगूस यायचं, नसलेल्या मुळांना वळसा घालून जायचं, आणि जाता जाता मागच्या पायांवर उभं राहून घराची पाहणी करायचं. लाल गळ्याचा सरडा खिडकीसमोर जोर काढायचा. गुणवंतराव पाचव्या दिवशी मोठ्यानं हसले. आपण हसलो हे त्यांना सातभाई उडाल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी ते भाताचं पातेलं उचलून निघाले होते.

"वाका."

ते वाकले. केसांना काहीतरी घासून गेलं.

"आता?"

"आता सरळ व्हा," अनसूयाबाई म्हणाल्या. पोळी उलटता उलटता त्यांनी विचारलं, "काऊन तोडलं जी?"

गुणवंतरावांनी पातेलं खाली ठेवलं. "वर पाहिलंच नाही कधी. खांबावर चढलो की तार पाहत होतो, उतरलो की जमीन. मधात काय आहे ते मले माहीतच नोयतं."

अनसूयाबाईंनी पोळी तव्यावरून उतरवली. मग उलथनं दाखवून म्हणाल्या, "ह्या भिंतीकडली फांदी गार असते. तिथं पाठ टेकून पाहा."

त्यांनी टेकली. ती गार होती.

झाड वाढतच होतं. एका दुपारी त्याची एक फांदी रस्त्यावरच्या तारेला लागली, ठिणगी उडाली आणि गल्लीचे पंखे बंद पडले. तासाभरात वाघाडे दोन माणसं आणि करवत घेऊन आला.

"काम अर्धवट राहिलं म्हणते लोक. बुंधा दाखवा."

"तार सरकवा," गुणवंतराव म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

"तार सरकवायचा कागद नाही माझ्यापाशी. तोडायचा आहे."

करवत पाहून सगळे पक्षी उडून गेले. माणूस जवळ आला की खार बुंध्याच्या पलीकडे जाते. इथे पलीकडे असं काही नव्हतं, तरी खारी पलीकडे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. अंगण स्वच्छ, मोकळं दिसत होतं. वाघाडेनं गुणवंतरावांकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या अनसूयाबाईंनीही पाहिलं.

गुणवंतरावांनी फाटकाजवळच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "तिथं."

माणसांनी तिथली हवा तासभर करवतली. घामाघूम झाली. वाघाडेनं एकदा मागे सरून पाहिलं, कुठे काही पडलं नव्हतं. "झालं," तो म्हणाला, आणि गेला. थोड्या वेळानं एक खार बुंध्याच्या अलीकडे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं नाही. बाहेरून साल येऊन टेकली होती. मागच्या दाराचं तेच, खिडक्यांचं तेच. बैठकीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात दोघांना उभं राहता येईल एवढी जागा उरली होती, आणि तीही दुपारपर्यंत टिकेल असं वाटत नव्हतं. वर मात्र टिनाचा एक पत्रा उचलला गेला होता. तिथून ऊन खाली येत होतं, आणि उन्हातून वाकड्या शेपटीची खार खाली आली. दोघांच्या डोक्यावर थांबून तिनं त्यांना पाहिलं, चिक् केलं आणि परत वर गेली.

अनसूयाबाईंनी गॅस बंद केला, पदर कमरेला खोचला. "चला."

"कुठं?"

"ते गेली तिकडं."

गुणवंतराव पट्ट्याशिवाय कधी चढले नव्हते. अनसूयाबाई स्टुलाच्या वर कधी चढल्या नव्हत्या. पण वाट त्यांना ठाऊक होती, म्हणून त्या पुढे झाल्या. "इथं पाय द्या. आता डावा. इथं खोबण आहे." पत्र्याच्या फटीतून ते बाहेर आले. घर पायाखाली गेलं, मग निखाडे मास्तरांची गच्ची गेली. मास्तर वर पाहून हात हलवत होते. मग विजेच्या तारा गेल्या. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वारा सुटला होता आणि हाताखालचं लाकूड हलत होतं, जिवंत असल्यासारखं. गुडघे दुखायचे थांबले होते.

"अजून किती आहे वो?" त्यांनी विचारलं.

"माझं पाहणं इथवरच होतं," अनसूयाबाई म्हणाल्या. "याच्या वर मलेही माहीत नाही."

खार पुढे निघून गेली होती. निंबोळीची एक साल वरून गुणवंतरावांच्या खांद्यावर पडली, मग दुसरी, मग साली टपटप पडायला लागल्या. वर पुष्कळ जण जेवत होते. कुणीतरी सरकून जागा केली, आणि अनसूयाबाईंच्या पायाखालची फांदी हलली.