दोन टेबलं सोडून

श्यामरावांनी तोंडातली काडी हळूच रुमालात काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. सूपमध्ये काडी निघणं ही शुक्रवार पेठेत भांडणाची गोष्ट होती. पण हे कोरेगाव पार्क होतं, हॉटेल थायलंडी पद्धतीचं होतं आणि ज्या अर्थी शेजारच्या टेबलावर कोणी आवाज चढवत नव्हतं, त्या अर्थी काडी मुद्दाम घातलेली असावी. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा समोर नजर लावली.

दोन टेबलं सोडून त्यांची मुलगी अवनी बसली होती आणि तिच्यासमोर राजस नावाचा मुलगा. लग्नाच्या वेबसाइटवरून ठरलेली भेट. हल्ली मुलं पोहे खायला घरी येत नाहीत. दोघांच्या कंपन्यांना सोयीचं असं एखादं हॉटेल बघतात आणि तिथेच बघण्याचा कार्यक्रम उरकतात. अशा वेळी बापानं बरोबर जाऊन लांब बसायचं, ही पद्धत मात्र जगात कुठे नसावी. ती श्यामरावांच्या बायकोनं, सुनीतीनं पाडली होती.

"घरी पोह्यांची परीक्षा होते, मुलाची नाही," ती म्हणायची. "हॉटेलात तो वेटरशी कसा बोलतो, तेवढं आपण लांबून बघायचं."

खूणही तिनंच ठरवली होती. अवनीची पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवलेली राहिली तर मुलगा पसंत. बाबांनी उठून ओळख करून घ्यायची. पर्स टेबलावर आली, की संपलं. पहिल्या दोन हॉटेलांत सुनीती स्वतः श्यामरावांच्या समोर बसली होती आणि तोंडावर मेनूकार्ड धरून मुलाकडे टक लावून बघत होती. मग ती आजारी पडली आणि गेली. पद्धत राहिली.

आजवर पर्स दर वेळी टेबलावरच आली होती. मुलगा निरोप घेऊन गेला, की अवनी उठून बाबांच्या टेबलावर यायची आणि मग खरं जेवण सुरू व्हायचं. वीज मंडळात सगळी नोकरी डब्यावर काढलेल्या आणि बायको माहेरी गेल्याशिवाय माणसानं बाहेर जेवू नये असं मानणाऱ्या श्यामरावांनी या दोन वर्षांत पुणं खाऊन काढलं होतं. औंधला धुराचे लोट सोडणारा सिझलर, कॅम्पात इराण्याकडे बेरी पुलाव, विमाननगरला मोमो, बाणेरला टेबलातच शेगडी पेटवून देणारं एक हॉटेल. "गिऱ्हाइकानं भाजून खायचं, तर मग तुम्ही काय करता?" असं त्यांनी तिथल्या वेटरला विचारलं होतं, तेव्हा अवनीला हसून ठसका लागला होता. शेवटी काही गोड आलं, की श्यामराव आपली वाटी तिच्याकडे सरकवायचे. "मला गोड चालत नाही." ती चार वर्षांची असल्यापासून ते हेच सांगत आले होते. त्यांना गोड उत्तम चालायचं. आता तर घरी दोघंच होती, ती रात्री उशिरा हिंजवडीहून यायची, झाकलेलं जेवायची. एकमेकांसमोर बसून जेवणं व्हायचं ते असल्या संध्याकाळीच. नकाराचं जेवण, असं श्यामराव मनातल्या मनात म्हणत आणि त्याची वाट बघत.

आजचा नकार तर निघण्यापूर्वीच ठरला होता.

"अमेरिकेला निघालाय तो, मिनियापोलिसला," रिक्षात अवनी म्हणाली होती. "निदान पाच वर्षं. भेटायचं कबूल केलंय म्हणून जायचं. तुम्ही तिथली हिरवी करी खाऊन बघा, तिखट असते म्हणे."

पण पाऊण तास होऊन गेला, तरी पर्स खुर्चीच्या पाठीलाच होती. राजस काहीतरी सांगत होता आणि अवनी हसत होती. तोंडावर हात धरून नव्हे. मान मागे टाकून, सुनीती हसायची तशी. मघाशी वेटरच्या हातून पाणी सांडलं, तेव्हा राजसनं आपला नॅपकिन काढून आधी त्याची बाही पुसली होती. श्यामरावांनी ते पाहिलं होतं.

"सर, आणखी कोणी येणार आहे?" वेटरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"येणार आहे," श्यामराव म्हणाले. मग त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. "नाही. बहुतेक नाही."

वेटरनं समोरची ताटली उचलली, शेजारच्या दोन उचलल्या, काटेचमचे गोळा केले, पालथे ग्लास नेले. चौघांच्या त्या भल्यामोठ्या टेबलावर एक सूपचा वाडगा उरला. श्यामराव उगाच मिठाची बाटली सरळ करत बसले. मान वर केली, तर अवनी त्यांच्याकडे बघत होती. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं मागे हात नेला, पर्स काढली आणि टेबलावर ठेवली.

श्यामरावांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, जीव भांड्यात पडला. हिरवी करी मागवायची, भात किती घ्यायचा, इथवर त्यांचं मन धावलंसुद्धा. आणि मग औंध आठवलं. तिथे सिझलरचं तेल शर्टावर उडालं म्हणून ते बाही चोळत होते, तेव्हाच पर्स टेबलावर आली होती. विमाननगरला चष्मा घरी राहिल्यामुळे ते मेनूकार्ड हातभर लांब धरून बसले होते, तेव्हाही. तो औंधचा मुलगा काय वाईट होता? घरी येताना श्यामरावांनीच त्याला नावं ठेवली होती आणि अवनी "हो ना" म्हणाली होती. मुलांकडे बघायला म्हणून ते इथवर येत होते आणि ती सारा वेळ त्यांच्याकडे बघत होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ते उठले आणि चालत त्या टेबलापाशी गेले.

पर्स टेबलावर असताना बाबा आलेले बघून अवनी गडबडली. "बाबा, अहो..."

"मी अवनीचा बाबा," श्यामराव म्हणाले. "तिकडे बसलो होतो."

राजस झटकन उभा राहिला. "काका, मग लांब का बसलात? या ना, बसा." त्यानं खुर्ची ओढली. "सूप आवडलं का?"

"काडी होती त्यात."

"गवती चहाची. ती चावायची नसते. मी पहिल्यांदा अख्खी खाल्ली होती, काका."

श्यामरावांना हसू आलं. मुलगा वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. ते बसले नाहीत.

"तुम्ही निवांत जेवा. मी निघतो. हिंमतरावांकडे जेवायला बोलावलंय."

"हिंमतकाका नाशिकला आहेत ना?" अवनीनं विचारलं.

"आले."

"बाबा, थांबा. माझं इथलं झालंय. मी येते आपल्या टेबलावर."

"आपलं टेबल आवरलं त्यानं," श्यामराव म्हणाले.

त्यांनी टेबलावरची पर्स उचलली. पट्ट्याला गाठ पडली होती, ती सोडवली आणि पर्स अवनीच्या खुर्चीच्या पाठीला अडकवली. घसरू नये म्हणून पट्टा नीट बसवला. राजसला त्यातलं काही कळलं नाही. अवनी खाली ताटलीत बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

बाहेर येऊन त्यांनी रिक्षा केली. जिना चढून रिकाम्या घरात जायचं धैर्य होईना, म्हणून ते मंडईपाशीच उतरले आणि समोर दिसलेल्या भोजनालयात शिरले. घरापासून हाकेच्या अंतरावर असून इथे ते कधी आले नव्हते.

"किती जण?" गल्ल्यावरून प्रश्न आला.

"दिसतोय तेवढाच."

"मग त्यांच्यासमोर बसा. अख्खं टेबल मिळणार नाही."

समोरचा माणूस हेल्मेट शेजारी ठेवून खाली मान घालून जेवत होता. ताट आलं. पहिला घास घेतला आणि खिशातला फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात?"

"हिंमतरावांकडे. सांगितलं ना."

"आमटीऽऽ! आमटी कुणाला?" त्यांच्या कानाशी वाढपी ओरडला.

"हिंमतकाकांनी वाढपी कधी ठेवला?" अवनीनं विचारलं.

"नाशिकहून आणलाय."

ती हसली की रडली, ते गलक्यात नीट कळलं नाही.

"बाबा, तो विचारतोय परत कधी भेटायचं. मी काय सांगू?"

श्यामरावांनी आमटीतलं कढीपत्त्याचं पान बोटानं बाजूला केलं. "पर्स कुठे आहे?"

"खुर्चीला."

"मग आईनं ठरवलंय तेच सांग."

"आणि तुम्ही?"

"मी जेवतोय. आमटी गार होतेय. ठेव."

फोन त्यांनीच बंद केला. भाजी संपवली, पोळी संपवली, भात कालवला. चव चांगली असावी. डोळे पुसायला रुमाल काढला, तर त्यातून काडी ताटात पडली. ती त्यांनी ताटाच्या कडेला नीट ठेवून दिली.

"काका, ही तुमची वाटी इकडं आली जणू," समोरचा माणूस म्हणाला.

श्यामरावांनी पाहिलं. बासुंदीची वाटी त्याच्या ताटाला टेकली होती. ती आपण कधी सरकवली, ते त्यांना कळलंच नव्हतं.

"असू द्या. घ्या तुम्ही," ते म्हणाले. "मला गोड चालत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, "बेस हाय," म्हणाला आणि हेल्मेट उचलून हात धुवायला गेला.

तेवढ्यात वाढपी फिरत आला. "काका, बासुंदी राहिली की तुमची!" असं म्हणत त्यानं नवी वाटी भरून त्यांच्यासमोर ठेवली आणि तो पुढे गेला. समोरच्या खुर्चीवर अजून कोणी बसलं नव्हतं. श्यामरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चमचा उचलला.