कचेरीतून वर्गात आलेलं टेबल

मी एक गोल टेबल बोलतंय. आठ जण ऐसपैस बसतील एवढं माझं अंग, आणि सध्या मुक्काम नववीच्या वर्गात, खिडकीशी.

मला घडवणारा सुतार रंधा मारता मारता बायकोला म्हणाला होता, "याला ना डोकं ना शेपूट. बसेल तो सारखाच." पण कचेरीच्या बैठकीच्या खोलीत गेलं आणि कळलं, साहेब बसेल तिथं आपोआप डोकं तयार होतं. ज्याला कमी ठाऊक तो जास्त बोलायचा आणि बाकीचे नंदीबैलासारखी मान डोलवायचे. अशी आठ वर्षं गेली. पुढे कचेरीने जागा बदलली. तिथल्या दारातून मी काही आत शिरेना, म्हणून मला एका शाळेला देऊन टाकलं.

मुख्याध्यापिका बाईंना कोण आनंद! मुलांनी मिळून काम करावं, चारचौघांत बोलावं, हा त्यांचा ध्यास. भाषेच्या सरांच्या कपाळाला मात्र आठ्या.

"बाई, शाळा म्हणजे कचेरी नव्हे."

"पण सर, मुलांना उद्या कचेरीतच जायचंय ना? यंदा निबंधाचा पेपर नको. गटाने उपक्रम करू दे."

तीस वर्षं निबंध तपासलेल्या माणसाला ते फार लागलं. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात त्यांनी राजीनामा लिहिला, तो माझ्याच पाठीवर. लिहून खिशात ठेवला. मी काय करणार?

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला टकळी म्हणत. तिची बस शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं निघून जायची आणि पुढची तासाभराने. धाकट्या भावाला पाळणाघरातून तिनेच आणायचं, म्हणून रोज शेवटचा तास बुडायचा. वडील वैतागले होते, "असंच चाललं तर त्या शाळेतून नाव काढतो."

तिच्या गटाने उपक्रम म्हणून बस-कचेरीला पत्र लिहिलं. रंगीत कागद, चित्रं, 'प्रवासीस्नेही सकारात्मक परिवर्तन' असले शब्द. टकळीने ते वर्गात इतकं झोकात वाचलं की टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'आपली मागणी समजली नाही.'

टकळीचा चेहरा पार उतरला. आता सर टोमणा मारणार, असं मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्यापाशी येऊन बसले.

"बस किती वाजता जाते?"

"साडेचारला, सर."

"शाळा?"

"चार चाळीसला सुटते."

"मग हे पत्रात कुठंय?"

गटातल्या चौघांनी पत्र खालीवर धुंडाळलं, वेळ कुठेच नव्हती.

मग काय, खोडाखोडी सुरू झाली! अडलेली मुलं किती ते एकाने वर्गावर्गांतून फिरून मोजलं, बावीस निघाली. सरांनी एकेक वाक्य सुतासारखं सरळ करून घेतलं. सुरुवातीला मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळींचं नमन घातलं. टकळीच्या तोंडून निघून गेलं, "सर, हे वाचेपर्यंत बस सुटेल."

सरांनी आपल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि खो खो हसले. "खरंय गं. चुकलंच माझं." त्या ओळींवर त्यांनी स्वतः काट मारली.

नवं पत्र गेलं आणि आठवड्याने बसचे अधिकारी वेळापत्रक घेऊन शाळेतच आले. "चालकाची पाळी पाचला संपते, त्याचं काय?" त्यांनी विचारलं. टकळी अडखळली, पण तिने थापा मारल्या नाहीत. "ते आम्हाला माहीत नव्हतं. पण वीस मिनिटं उशीर केला, तरी फेरी पाचच्या आत संपते का?" त्यांनी हिशेब मांडला. संपत होती, तीन मिनिटं राखून.

बस चार पन्नासची झाली. टकळीने सुटकेचा असा निःश्वास टाकला की माझ्यावरचे कागद उडाले. शेवटचा तास वाचला, शाळाही वाचली. बाई आणि सर माझ्यापाशी बसून पाऊण तास भांडले आणि ठरलं, उपक्रम गटाचा, पण निबंध प्रत्येकाने स्वतःचा लिहायचा. बाई गेल्यावर सरांनी खिशातला राजीनामा काढून फाडला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आता माझं पॉलिश गेलंय, अंगभर शाईचे डाग आहेत. त्याची तक्रार नाही. फक्त मला या वर्गातून हलवू नका. आठ वर्षं साहेबलोकांत काढली, पण 'चुकलंच माझं' म्हणणारा माणूस मला इथेच भेटला.