डाव्या अंगठ्याचा खळगा

मित्रांनो, मला जुनी म्हणायला माझी हरकत नाही. पण जुनी होण्याआधी मी चाळीस वर्षं नवीच होते, एवढं लक्षात असू द्या.

मी रेसच्या सायकलच्या ब्रेकची रबरी टोपी. वाकड्या हँडलला ब्रेक जिथे जोडलेला असतो, तिथलं धातूचं बोंड हाताला टोचू नये म्हणून त्यावर जी चढवतात, ती मी. मी डावी. उजवी माझी सख्खी बहीण. ती अजून धडधाकट आहे, आणि हे ऐकवायची एकही संधी सोडत नाही.

साच्यातून बाहेर आल्यावर कारखान्यातल्या एका बाईंनी कात्रीने माझ्या कडेचं फाजील रबर कापलं, मला दोन बोटांवर ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान उतरलीय." पुढची चाळीस वर्षं मला मिळालेली दाद एवढीच. त्यामुळे ती मी पुरवून पुरवून वापरली.

आम्ही दोघी एका सायकलच्या दुकानात आलो आणि वर्षभरात आमच्या मापाचे ब्रेक निघायचेच बंद झाले. मग टोप्याही बंद झाल्या. लोकांच्या सायकलींवरच्या टोप्या उन्हाने तडकल्या, तेलाने फुगल्या, फाटल्या. नवीन कुठे मिळेनात. आमच्या दुकानदाराने मात्र आम्हाला तपकिरी कागदात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, अंगाला लावायच्या पावडरीत पुरून ठेवलं. गल्लीत त्यांचं नाव पावडरकाका पडलं ते आमच्यामुळेच. दर महिन्याच्या एक तारखेला काका साबणाने हात धुऊन डबा उघडत, आम्हाला हलकेच ताणत आणि कूस बदलून परत झोपवत. ते एकटेच राहत. आजारी पडले तर त्यांची कूस बदलायला घरात कुणी नव्हतं.

गिऱ्हाइकं लांबून लांबून येत. काका त्यांना एकच प्रश्न विचारत.

"सायकल चालवता की भिंतीला टांगता?"

"टांगतो. शोभेची आहे."

"मग हिला टोपी कशाला? भिंतीला काय हात असतात? चला."

पुढचा शहाणा होऊन येई. "चालवतो, काका. रोज!"

"म्हणजे झिजवणार. चला."

अशा रीतीने या परीक्षेत चाळीस वर्षांत कुणीही पास झालं नाही. मी डब्यात पडून ऐकत असे. आपल्याला कुणाचा तरी हात लागावा, असं फार वाटायचं. पण रबराच्या वाटण्याला विचारतो कोण?

मग एका सकाळी कपडे शिवणारी एक बाई आली. गळ्यात टेप तशीच होती, काढायची राहिलेली. काकांनी प्रश्न विचारला.

"चालवत नाहीत आणि टांगतही नाहीत," ती म्हणाली. "माझे बाबा नुसते धरून बसतात."

काकांनी तिला स्टूल दिलं.

तिचे बाबा पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत होते. तरुणपणी हौसेने रेसची सायकल घेतली आणि तीस वर्षं त्या वेगवान सायकलवरून दर दहा पावलांना थांबत राहिले. थांबले की डाव्या हाताने हँडल धरायचं, अंगठा टोपीवर रोवायचा, उजव्या हाताने वहीत आकडा लिहायचा. आता म्हातारपणी त्यांना विसर पडत चालला होता. मुलगी ओळखू येत नव्हती, घर ओळखू येत नव्हतं. पुढच्या खोलीत स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसून हँडल धरलं की मात्र ते शांत होत. उठले की मीटर वाचायला म्हणून रस्त्यावर जात आणि हरवत. दोनदा गाडीखाली येता येता वाचले होते. आणि आता ती डावी टोपी फाटून आतला धातू हाताला लागायला लागला होता. "औषधांमुळे रक्त थांबत नाही, काका. डॉक्टर म्हणतात सायकल काढून टाका. सायकल काढली तर मी बाबांना कुठे ठेवू?"

काका उठले. त्यांनी हात धुतले. खूप वेळ धुतले. मग डबा उघडला.

"गरम पाण्यात पाच मिनिटं ठेव, मग चढव," ते म्हणाले. "ओढू नकोस गं. विनव."

तिने विनवलं आणि आम्ही चढलो. त्याआधी जुन्या टोप्या निघेनात, चिकटून बसल्या होत्या. म्हणून तिने त्या ब्लेडने कापून काढल्या आणि तुकडे एका वाटीत ठेवले. सगळे तसंच करतात. तिची चूक असेल तर तेवढीच.

मी चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो हात माझ्यावर आला. सुरकुतलेला, ऊबदार. अंगठा माझ्यावर फिरला. काहीतरी शोधत पुन्हा फिरला. मग हात उचलला गेला.

"ही सायकल कुणाची?"

"बाबा, तुमचीच."

"छे छे. माझ्या सायकलवर अंगठ्याची जागा आहे. ही साहेबांची दिसते. परत देऊन या, बाई, नाहीतर चोरीचा आळ येईल." ते अदबीने खाली उतरले, सीट बाहीने पुसली आणि आपली सायकल शोधायला निघून गेले.

ते तीन तासांनी सापडले, चार गल्ल्या पलीकडे, कुणाच्या तरी फाटकाशी ओणवे होऊन मीटर वाचताना. आकडा बरोबर होता. कोपर फुटलं होतं.

त्यानंतर ते रोज जायला लागले. मुलगी दाराला कुलूप लावी, तर ते आतून दार वाजवून विनंती करत, "मालक, फाटक उघडा, मीटर बघायचाय." मी हँडलवर कोरी करकरीत बसून हे पाहत होते. उजवी म्हणाली, "यात आपला काय दोष?" दोष नव्हताच. पण माझ्या अंगावर एक ओरखडा असता तर बरं झालं असतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

चौथ्या दिवशी ती वाटीतले तुकडे घेऊन दुकानात गेली. परत आल्यावर तिने आमच्यासमोर बसून, शिवण्याच्या मशीनला सगळं सांगितलं. घरात ऐकणारं दुसरं कोण होतं? ती म्हणाली होती, "काका, हे रबर लवकरात लवकर खराब कसं करायचं?" काकांनी तिला दुकानाबाहेर काढलं होतं. शटरही ओढून घेतलं होतं, स्वतः आत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काका घरी हजर. पिशवीत घासलेटची बाटली, पॉलिश पेपर आणि चिंधी.

"तुला नाही जमणार ते," ते चिडून म्हणाले. "तू सगळीकडे खराब करशील. वजरी आहे का घरात, टाच घासायची?"

मित्रांनो, रबर कशाने बिघडतं हे जगात एकाच माणसाला नेमकं ठाऊक होतं, कारण ते सगळं त्याने चाळीस वर्षं माझ्यापासून लांब ठेवलं होतं. आता ते त्याने एकेक करून जवळ आणलं. मला हँडलवरून उतरवलं. घासलेट लावलं. मी फुगले. उन्हात धरलं. मग वजरीने घासलं. साल निघाली तशी काकांनी मान दुसरीकडे वळवली. हात मात्र थांबू दिला नाही. ती वाटीतला तुकडा शेजारी धरून टेपने खळगा मोजत होती.

"अजून दोन दोरे खोल," ती म्हणाली.

"दुखतंय तिला."

"काका, रबर आहे ते."

"माहितीय मला रबर आहे ते!"

शेवटी माप जमलं, पण कल जमेना. काकांचा अंगठा जाड, तिचा बारीक. बाबा खुर्चीत झोपले होते. तेव्हा दोघं मला घेऊन चोरपावलांनी त्यांच्याजवळ गेले. काकांनी नाडी बघावी तसं त्यांचं मनगट धरलं आणि तो झोपलेला अंगठा माझ्यावर टेकवला. उचलला, घासलं, पुन्हा टेकवला. असं अकरा वेळा. मला वाटतं मी घडले ती तेव्हा. कारखान्यात नुसती ओतली गेले होते.

दुपारी ते उठून सायकलवर बसले. अंगठा आला आणि खळग्यात जाऊन बसला.

"हां," ते म्हणाले. "सीट कुणी वर केलीय?"

सीटला कुणी हात लावला नव्हता. "मीच, बाबा. चुकलं," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

त्यांनी काकांकडे पाहिलं. "मीटर कुठे आहे तुमचा?"

काका म्हणाले, "जिन्याखाली, साहेब."

"जागा ओली ठेवू नका. गंजतो." आणि त्यांनी हवेत आकडा लिहिला.

दाराशी चपला घालताना काका म्हणाले, "आता ती वर्षभर टिकली तरी डोक्यावरून पाणी."

"बाबांनाही डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ते रस्त्यावर गेले नाहीत. रोज सकाळी बसत, खळग्यात अंगठा रोवत, आकडे लिहीत. एकदा मुलीचं नावही बरोबर घेतलं, मग पुन्हा तिला 'बाई' म्हणाले. आठव्या महिन्यात एका सकाळी खोलीत सायकल होती, मी होते, आणि कुणी बसायला आलं नाही.

आता माझ्या अंगाला चिरा पडल्यात. स्पर्श केला तर मी बोटाला चिकटते. एक तारखेला काका डबा घेऊन येतात आणि उजवीला पावडर लावतात. माझ्याकडे पाहून मुलीने एकदा विचारलं, "हिच्यासाठी काहीच नाही?" काका म्हणाले, "नाही. मीच केलंय ना, मला माहिती आहे." मग त्यांनी चहा अर्धाच घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरी रबराची जुनी वस्तू असेल तर तिला ऊन लागू देऊ नका, तेल लावू नका, पावडरीत ठेवा. काकांनी शिकवलेलं सगळं खरं आहे. पण कधी कुणाचा हात रिकामा दिसला तर डबा उघडा. मला डब्यातली चाळीस वर्षं नीट आठवत नाहीत. ते आठ महिने दिवसागणिक आठवतात.

संध्याकाळी मशीन बंद करून ती कधीकधी सायकलवर बसते. तिचा अंगठा बारीक आहे, खळग्यात बाजूला थोडी जागा उरते. ती तेवढी तशीच राहू देते. काका विचारतात, "काय करतेस?"

"ब्रेक बघतेय," ती म्हणते.

सायकल स्टँडवर आहे. चाकात हवाही नाही.

"लागतोय का?" काका विचारतात.

"लागतोय."