हिरव्या खुणेचं उत्तर

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, पण घरातला आरडाओरडा काही गेला नव्हता. ऑपरेशनआधी इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी त्यांना माइकसमोर बसवून भारंभार वाक्यं वाचून घेतली होती, आणि त्यांवरून टॅबलेटमधल्या सॉफ्टवेअरने बाबांचा आवाज हुबेहूब उचलला होता. बाबा एका बोटाने टाइप करत, आणि टॅबलेट त्यांच्याच खर्जात खेकसे, "हा चहा आहे की भांडी विसळल्याचं पाणी?" लेकीला वाटे, चला, माणूस शाबूत आहे.

बाबांनी जन्मभर जुन्या फर्निचरचे लिलाव पुकारले. तीन पायांच्या खुर्चीला 'दुर्मीळ' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरात मात्र त्यांनी उलटा कारभार ठेवला होता. बदामाच्या डब्यावर चिठ्ठी 'गंजलेले खिळे'. मनगटी घड्याळाच्या खोक्यावर 'संपलेले सेल'. म्हणायचे, "चोर हा मुळात आळशी प्राणी. चिठ्ठी वाचतो आणि पुढे जातो." गोदाम सांभाळणाऱ्या लेकीला या चिठ्ठ्यांचा भयंकर राग येई. तिच्याकडे नळांच्या खोक्यावर 'नळ' असंच लिहिलेलं असे, आणि आत नळच निघत. कामावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. एखादा माल 'खराब' म्हणून फेकायचा तर ती आधी खोकं उघडायला लावी, मग सही करी. तिच्या सहीसाठी ताटकळणारे ड्रायव्हर तिच्या नावाने बोटं मोडत. मोडू देत.

तर एका सकाळी त्या सॉफ्टवेअरने स्वतःला सुधारून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी टाइप केलं, "पेपर कुठाय?" आणि टॅबलेटमधून एक गुळगुळीत, तुळतुळीत दाढी केलेला आवाज बाहेर पडला, "पेपर कुठाय?" विमानतळावर गाड्यांच्या चाव्या हरवल्याचं जाहीर करतात, अगदी तसा.

तेवढ्यावर बाबा गप्प बसलेही असते. पण त्या दिवशी रविवार होता, आणि दर रविवारी सकाळी ते आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे लेकीच्या आत्याला, फोन करत. आत्या लांबच्या गावी राहणारी, डोळ्यांनी जवळजवळ काही न दिसणारी. तिच्यापुरता भाऊ म्हणजे फोनमधला आवाज, बाकी काही नाही. बाबांनी नेहमीसारखं टाइप केलं, "काय गं म्हातारे, आहेस की गेलीस?" बाबांच्या खर्जात या वाक्यात माया असे. त्या तुळतुळीत आवाजात ती सरळसरळ धमकी झाली.

"कोण रे तू?" आत्या कडाडली. "माझा भाऊ लिलाववाला आहे, तुला उभा विकून टाकेल!" आणि फोन आपटला.

बाबांनी टॅबलेट उचलला, कपाटात चादरींखाली कोंबला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांचा सगळा संवाद चमच्यावर आला. पेल्यावर एकदा आपटला तर हो, दोनदा आपटला तर नाही, आणि लागोपाठ आपटत राहिले तर समोरच्याने आपलं काय चुकलं ते आपणच शोधायचं.

आत्याचा फोन संध्याकाळीच आला. लेकीने तिला सगळं समजावून सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई गं, मी लहान आहे का? भाऊ गेला असेल तर तसं सांग. यंत्रबिंत्र कशाला मधे आणतेस?"

"अगं आत्या, समोर बसलेत! जेवतायत!"

"मग बोलू दे की."

बाबांनी पेल्यावर चमचा आपटला.

"हे काय, घंटा?" आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारी त्याचा आवाज ऐकला नाही, तर मी गाडीत बसून निघाले म्हणून समज. पडले झडले तर तुझ्या नावाने."

दुसऱ्या दिवसापासून मोजणीबाई जेवणाच्या सुट्टीत नळांच्या खोक्यांमध्ये स्टूल टाकून त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंटरनेटवरच्या साहाय्य-मंचावर बसू लागली. कंपनीला फोन नंबर नव्हता. पत्ता होता, पण तो समुद्रापलीकडचा. जे काही विचारायचं ते या मंचावर. तिने विचारलं, 'अपडेटनंतर माझ्या वडिलांचा आवाज नाहीसा झाला आहे. कसा परत मिळेल?' क्षणात उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण आवाज वाढवून पाहिलात का?'

तिने भावना बाजूला ठेवून प्रश्न पुन्हा नीट लिहिला. या वेळी दुसऱ्या कोणी लिहिलं, 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, म्हणून चर्चा बंद करत आहोत. इथे पाहा.' तिने तिथे पाहिलं. तिथे आणखी कोणी तरी गांजलेला माणूस हेच विचारत होता, आणि त्याला सांगितलं होतं, 'याचं उत्तर इथे पाहा.' ती तिथे गेली, तर आपल्याच प्रश्नापाशी येऊन उभी राहिली. एका जुन्या चर्चेत कोणी बायकोच्या आवाजासाठी अगदी रडकुंडीला आलेला होता, आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, 'सुटलं! धन्यवाद.' कसं सुटलं, ते नव्हतं. त्या माणसाला मोजणीबाईने मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या लिलावाच्या मांडवातही चालल्या नसत्या.

शेवटी तिच्या वाट्याला एक जाणकार आला. पगारी नव्हता, हौसेने लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा होता. नावापुढे पाच सोनेरी तारे, म्हणून तिने त्याचं नाव पंचतारांकित ठेवलं. त्याने आवाजांच्या यादीचं चित्र मागवलं. चादरींखालून टॅबलेट काढून तिने ते पाठवलं. कंपनीने आवाजांना नावं काय दिली होती! 'शांत सरोवर', 'सकाळचं ऊन', 'मखमली पाऊल'. तळाशी 'मोडकी छत्री'. 'बाबा' असं काही कुठेच नव्हतं. ते तिने आवाज बदलला त्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. 'मोडकी छत्री' म्हणजे पडसं झालेल्या माणसाचा आवाज असावा, असं समजून ती पुढे गेली होती.

रविवारी सकाळी पंचतारांकिताचं उत्तर आलं. 'मोडकी छत्री हा आमच्या यादीतला आवाज नाही. अपडेटमध्ये आलेली खराब फाइल दिसते, तिच्यामुळेच अडत असणार. ती काढून टाका आणि वडिलांचा आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करा.' उत्तराशेजारी कंपनीने हिरवी खूणही करून टाकली होती : सर्वोत्तम उत्तर.

नव्याने मुद्रित करा! गेलेल्या घशातून! मोजणीबाईला हसावं की रडावं कळेना. पण निदान अडणारी फाइल तरी जाईल, म्हणून तिने 'मोडकी छत्री'वर बोट ठेवलं. टॅबलेटने विचारलं, 'हे परत आणता येणार नाही. नक्की काढायचं?' शेजारच्या खोलीत बाबा चमचा आपटत होते. आत्याच्या फोनची वेळ होत आली होती.

तिचं बोट तसंच थांबलं. 'खराब' असं कोणी तरी सांगितलंय, आणि मी न उघडता सही करतेय? हिरव्या खुणेच्या भरवशावर? गोदामात कोणी असं केलं असतं, तर तिने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं असतं. तिने 'नाही' दाबलं. नावाशेजारी मुंगीएवढं बटण होतं, 'नमुना ऐका'. तिने ते दाबलं.

"आज हवा छान आहे," टॅबलेट खेकसला, जणू हवेलाच दम भरत होता.

मोजणीबाईला एकदम बदामाचा डबा आठवला, आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या खोलीतला चमचा थांबला होता. बाबा दारात उभे होते.

तिने आवाज निवडून टॅबलेट त्यांच्या हातात दिला. "मोडकी छत्री?"

बाबांनी सावकाश टाइप केलं. "इस्पितळातल्या त्या बाईंनी आवाजाचं नाव विचारलं. आत एवढा किमती माल. खरं नाव लिहितात का?"

"मग सांगायचं नाही मला? आठवडाभर मी त्या मंचावर डोकं फोडतेय!"

"विचारलंस?" टॅबलेट गुरगुरला. "मला वाटलं कंपनीने चोरला. आणि तू तर यादी पाहिलीस म्हणालीस. गोदाम सांभाळतेस ना? सगळी खोकी उघडली असशील, असं धरून चाललो."

आणि आठवड्यात पहिल्यांदा बाबांच्या मिशीखाली काही तरी हललं.

फोन वाजला. लेकीने तो टॅबलेटपाशी धरला.

"निघू का मी?" आत्याने विचारलं.

"काय गं म्हातारे," बाबांचा आवाज म्हणाला, "आहेस की गेलीस?"

"मेल्या!" आत्या कडाडली. " आठवडाभर कुठे उलथला होतास?" आणि दोघांचं जे जुंपलं, त्यात बाबांचं एक बोट आत्याच्या तोंडाला पुरं पडेना.

मोजणीबाईने तेवढ्यात मंच उघडला. नुसतं 'सुटलं, धन्यवाद' लिहिणाऱ्यातली ती नव्हती. 'यादीतला प्रत्येक आवाज ऐकून पाहा. नावावर जाऊ नका. आणि न ऐकता काहीही काढून टाकू नका,' असं तिने ठळक अक्षरांत लिहिलं आणि बटण दाबलं.

'क्षमस्व,' मंच म्हणाला, 'या प्रश्नाचं सर्वोत्तम उत्तर मिळाल्यामुळे चर्चा बंद झाली आहे.'

तिने बायकोच्या आवाजासाठी रडकुंडीला आलेल्या माणसाची ती जुनी चर्चा शोधून काढली. ती कोणी बंद करायला विसरलं होतं. तिथे तिने सगळं पुन्हा टाइप केलं, आणि ते गेलं.

"चहा!" आतून बाबा ओरडले. "आणि पाणी नको, चहा!"

"आले," ती म्हणाली, आणि उठताना लक्षात आलं की आठवडाभर वर चढलेले आपले खांदे आता खाली आलेत.