खाचेपलीकडचे निळे रान

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. वरून उघडी, तळाला काच. जपानमधल्या ओकिनावाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर सेइतोकू नावाच्या कोळ्याच्या वडिलांनी मला बनवले. होडीतून वाकून मला पाण्यावर टेकवले की लाटांची चकाकी नाहीशी होते आणि तळ लख्ख दिसतो. माझ्यात एक आडवी पट्टी आहे. ती दातांत धरायची, म्हणजे वल्ह्याला आणि भाल्याला हात मोकळे राहतात. काच धुरकटू नये म्हणून सेइतोकू बांधावरचा कडू पाला चुरगळून मला पुसायचा. माझे फार लाड झाले, हे कबूल करते.

तेविसाव्या वर्षी एका ऑक्टोपसच्या मागे लागून तो खडकांतल्या खाचेपलीकडे गेला. तिथे निळ्या प्रवाळाचे रानच होते, आणि त्यात ऑक्टोपसची बिळे. होडी पुढे सरकत राहिली तरी ते संपेना. सेइतोकूने आ वासला आणि मी दातांतून निसटून पाण्यात पडले.

आमच्याकडे ऑक्टोपसची बिळे कोणी कोणाला सांगत नाही. फार तर बाप म्हातारपणी मुलाला सांगतो. सेइतोकूला मूल नव्हते. त्याने ते रान पोटातच ठेवले, बायकोलाही सांगितले नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

तो म्हातारा झाला, तेव्हा बंदर खोल करायचे ठरले. उपसलेला गाळ समुद्रात कुठे टाकायचा, हे पाहायला चिनेन नावाची तरुण अधिकारी नकाशा घेऊन घाटावर आली. प्रवाळ असेल तिथे टाकायचा नाही, असे तिने सेइतोकूला आधीच सांगितले. पण भोवती दहा कोळी कान टवकारून बसले होते.

"आजोबा, खाचेपलीकडे काही आहे का हो?"

"तिथं? नुसती वाळू. उगाच कशाला कपडे भिजवतेस?"

तिने तसे लिहून घेतले. ऑक्टोपसचा हंगाम संपला की हिला एकटीला गाठून खरे सांगू, असे सेइतोकू घरी येताना पुटपुटला. हंगाम संपायच्या आधीच गाळाच्या बोटी आल्या.

त्याची बायको नाबे हे कळल्यावर म्हणाली, "एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंत, तेही चाललं. त्या पोरीला तरी सांगायचंत."

तो धावत बंदराच्या कचेरीत गेला आणि चिनेनला होडीत बसवून तिथे घेऊन आला. तिने मला पाण्यावर टेकवले. खाली तपकिरी गाळाशिवाय काही नव्हते.

"इथंच होतं," सेइतोकू म्हणाला.

"मला काही दिसत नाही, आजोबा."

मी तरी काय करणार? आहे तेवढेच मला दाखवता येते. होते ते दाखवता येत नाही.

हल्ली मी पडवीत असते, माझ्यात कांदे ठेवतात. मित्रांनो, जे जपावेसे वाटते ते नुसते लपवून जपले जात नाही. वेळेवर कोणाला तरी सांगा.

सेइतोकू आता घाटावर भेटेल त्याला ती जागा सांगतो, कुठल्या खडकापाशी डावीकडे वळायचे तेसुद्धा. कोळी ऐकून घेतात आणि दुसरीकडे होड्या वळवतात.